तेवढं फाशीचं जरा लवकर बघा

लेखकावर सिनेमा काढणाऱ्या माणसाचं मला कौतुकही वाटतं आणि काळजीही वाटते. पैलवानावर सिनेमा काढला तर निदान कुस्त्या दाखवता येतात. सेनापतीवर काढला तर घोडे. गवयावर काढला तर गाणी आपोआपच येतात आणि लोक ती गुणगुणत घरी जातात. लेखकाचं काय दाखवणार? तो बसतो. बसून खिडकीबाहेर बघतो. मधेच उठून चहा कुठं अडलाय ते बघून येतो आणि पुन्हा बसतो. आता हे दोन तास कोण बघणार? म्हणून दिग्दर्शक त्याला एक तर खोकला लावतात, नाहीतर हातात बाटली देतात. त्यातूनही वेळ उरलाच तर कागदाचे बोळे करून टोपलीत फेकायला लावतात. माझ्या ओळखीचा एकही लेखक कागदाचे बोळे करत नाही. पाठकोरे कागद हीच त्याची स्थावर मालमत्ता असते.

२००५ साली आलेल्या ‘कपोटी’ या अमेरिकन चित्रपटात असले बोळे लक्षात राहत नाहीत. बाटली आहे, चांगली भरलेली आहे, पण तिचं काम वेगळं आहे. बेनेट मिलर नावाच्या दिग्दर्शकाने लेखक बसलेला न दाखवता लेखक वाट बघत असलेला दाखवला आहे. कशाची वाट? तर दोन माणसं फासावर जाण्याची. ती गेली की याचं पुस्तक पुरं होणार. एरवी आमच्याकडे दिवाळी अंकाचा संपादक लेखकाच्या मागे लागतो, ‘तेवढं शेवटचं प्रकरण लवकर बघा.’ इथं लेखकच न्यायसंस्थेच्या मागे लागला आहे.

ट्रुमन कपोटी या लेखकाचा जन्म १९२४चा. आडनाव सावत्र वडिलांचं, ते मूळचे क्यूबाचे. ‘कॅपोट’ म्हणू नये. शेवटचा ‘टी’ चहासारखा स्वच्छ उच्चारावा. उंची सव्वापाच फुटांच्या आसपास, आवाज लहान मुलाचा, आणि तोही सर्दी झालेल्या. गळ्यात भारी मफलर. न्यूयॉर्कच्या बड्या लोकांच्या मेजवान्यांत हा मधोमध उभा राहून गोष्टी सांगायचा आणि भोवतीची मंडळी हसून हसून पेले सांडायची. १९५८ साली ‘ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज’ आलं आणि नाव झालं. नाव झालं की माणूस स्वस्थ बसेल ही आपली समजूत. लेखकाला उलट तेव्हाच भीती वाटायला लागते की आता पुढचं काय!

ते पुढचं त्याला १६ नोव्हेंबर १९५९च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या आतल्या पानावर सापडलं. कॅन्सस राज्यातल्या होल्कम नावाच्या खेड्यात क्लटर नावाचा एक सधन शेतकरी, त्याची बायको, मुलगी आणि मुलगा अशा चौघांना रात्री घरात बांधून गोळ्या घातल्या होत्या. पोरगी सोळा वर्षांची, पोरगा पंधराचा. थोरल्या दोन मुली घर सोडून गेलेल्या होत्या म्हणून वाचल्या. मारणारे दोघे, डिक हिकॉक आणि पेरी स्मिथ, नुकतेच तुरुंगातून सुटलेले. घरात तिजोरी आहे आणि तीत दहा हजार डॉलर आहेत असं हिकॉकला तुरुंगातल्या एका सोबत्याने सांगितलं होतं. तिजोरी नव्हती. क्लटरसाहेब रोख पैसे जवळ न बाळगता सगळे व्यवहार चेकने करतात हे पंचक्रोशीत सर्वांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त या दोघांना. हाती लागले पन्नास डॉलरच्याही आत. चार माणसं, पन्नास डॉलर. हा हिशेब मांडून झाला की पुढं विनोदी लेखकाने काही बोलू नये, पण कपोटीसाहेबांना याच हिशेबात पुस्तक दिसलं.

सिनेमा खऱ्या अर्थाने सुरू होतो तो आगगाडीत. कपोटी आणि त्याची बालमैत्रीण हार्पर ली कॅन्ससला निघाले आहेत. सामान ठेवायला आलेला पोर्टर अदबीने म्हणतो की साहेब, आपल्याला या गाडीत बघून धन्य झालो, आपलं मागचं पुस्तक आधीच्याहून सरस आहे. कपोटी लाजतो. पोर्टर जातो. आणि हार्पर ली बाई एका नजरेत ओळखतात की हे कौतुक याने पैसे देऊन करवून घेतलं आहे! दोघेही हसतात. मला विचाराल तर सबंध सिनेमातला हा सर्वांत मोलाचा प्रसंग. दोन मिनिटांत तुम्हाला कळतं की या माणसाला स्तुती हवी आहे, ती विकत घ्यायची त्याची तयारी आहे, आणि पकडलं गेल्यावर हसण्याइतका तो शहाणाही आहे. आमच्याकडे सत्काराचे हार स्वतःच आणून ठेवणारे लोक आहेत, पण पकडले गेल्यावर ते हसत नाहीत, रागावतात.

होल्कमात त्या मफलरीचं जे व्हायचं ते होतं. हा आपली मफलर न्यूयॉर्कच्या कुठल्या उंची दुकानातली आहे ते तपास खात्यातल्या लोकांना ऐकवतो, तर तिकडून एक जण आपल्या टोपीचं दुकान सांगतो, आणि ते असतं ‘सिअर्स रोबक’, म्हणजे घराघरांत माल पुरवणारं. सगळ्या गावाने या मनुष्याकडे, आपल्या खेड्यात एखादा मोर उतरावा तसं पाहिलं असणार. पण पंधरा दिवसांत मोर सगळ्यांच्या ओट्यावर दाणे टिपायला लागला. तपास अधिकारी अ‍ॅल्विन ड्यूई याच्या बायकोने जेवायला बोलावलं. तिथं याने हम्फ्री बोगार्टच्या आणि जॉन ह्यूस्टनच्या दारूच्या गोष्टी सांगितल्या. झालं! नवरा गंभीर, बायको खूष. अन् अधिकाऱ्याच्या स्वयंपाकघरातून वाट काढली की कचेरीत जायला चिठ्ठी लागत नाही, हे कॅन्ससमध्येही खरं आहे.

या माणसाची लोकांना बोलतं करायची एक रीत सिनेमाने फार बारकाईने दाखवली आहे. तो प्रश्न विचारत नाही. तो आधी स्वतःचं दुःख काढून पुढ्यात ठेवतो. मेलेल्या मुलीची मैत्रीण गप्प बसली आहे, तर हा तिला सांगतो की माझ्या आवाजामुळे, माझ्या वागण्यामुळे लहानपणापासून लोक मला बघताच माझ्याबद्दल मत करून टाकतात आणि ते चूक असतं. पोरगी विरघळते आणि मैत्रिणीची रोजनिशी काढून देते. दुःख खरं आहे. सांगतानाचा गहिवरही खरा असेल. पण तो बयाणा आहे. मालाची उचल नंतर.

आमच्या नात्यातल्या एक काकू मला काहीही सांगण्याआधी विचारतात, ‘हे कुठं छापणार नाहीस ना?’ मी ‘छे छे’ म्हणतो आणि त्या सांगतात. इतकी वर्षं आमचं बरं चाललं आहे. हा सिनेमा पाहताना मात्र मला काकू सारख्या आठवत होत्या.

मुलाखत घेताना कपोटी वही काढत नसे, टेपरेकॉर्डर तर नाहीच. आपल्याला बोलणं चौऱ्याण्णव टक्के आठवतं असं तो सिनेमात सांगतो. परीक्षा कोणी घेतली? तर त्याची त्यानेच. पुढं निरनिराळ्या मुलाखतींत हा आकडा वर सरकत गेला. स्वतःच प्रश्नपत्रिका काढायची आणि स्वतःच तपासायची म्हटल्यावर चौऱ्याण्णवावरच थांबला याला मी तरी संयम म्हणतो. यातला विनोद असा, की रोज रात्री हॉटेलात परत येऊन हार्पर ली बाईही शांतपणे टिपणं काढत होत्या. दीडशे पानं टाइप केलेली टिपणं त्यांनी त्याला दिली. त्या वेळी त्यांचं स्वतःचं पहिलं पुस्तक अजून बाहेर यायचं होतं. १९६० साली ते आलं, ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’, आणि १९६१ साली त्याला पुलित्झर मिळालं. त्यावरच्या सिनेमाच्या पहिल्या खेळानंतर कपोटी दारूच्या टेबलाशी एकटा उभा आहे. ती येऊन विचारते, कसा वाटला? याला स्वतःच्या रखडलेल्या पुस्तकापलीकडे काही दिसतच नाही. ती निघून गेल्यावर तो ग्लासात तोंड घालून पुटपुटतो की एवढं काय लोक डोक्यावर घेताहेत कळत नाही. कॅथरिन कीनरने ही बाई अशी केली आहे की ती पडद्यावर असते तोवर आपल्याला धीर असतो. घरातलं एक माणूस तरी शुद्धीवर आहे असं वाटतं. कपोटीचं पुस्तक आलं तेव्हा त्याने ते त्याचा जन्मभराचा सोबती जॅक डन्फी आणि हार्पर ली या दोघांना अर्पण केलं. दीडशे पानांची फेड अर्ध्या अर्पणपत्रिकेत झाली.

आता पेरी स्मिथ. दोन खुन्यांपैकी हिकॉकशी कपोटी सिनेमात कामापुरता बोलतो. जीव अडकतो तो पेरीत. पेरीची आई दारूत गेलेली, बाप भटक्या, बालपण अनाथाश्रमात. अपघातात पाय अधू झालेले. चित्रं काढणारा, शब्दकोशातले जड शब्द गोळा करणारा. इकडे कपोटीलाही आईने लहानपणी अ‍ॅलाबामात नातेवाइकांकडे टाकलेलं. आम्ही दोघं जणू एकाच घरात वाढलो, एके दिवशी तो मागल्या दाराने बाहेर पडला आणि मी पुढल्या, अशा अर्थाचं तो एकदा हार्पर लीला म्हणतो. वाक्य छान आहे. इतकं छान आहे की ते आधी सुचलं आणि मग वाटलं, की आधी वाटलं आणि मग सुचलं, हे सांगता येत नाही. लेखकाचं लग्न वाक्याशी लागलेलं असतं, बाकीची नाती सगळी चुलत.

फाशीची शिक्षा १९६० सालीच झाली, पहिली तारीखही त्याच वर्षीच्या मे महिन्यातली लागली होती. कपोटीने या दोघांना चांगला वकील मिळावा म्हणून खटपट केली. का? दयेपोटी? तर दया होतीच. पण एवढ्यातच ते लटकले असते तर त्याला त्या रात्रीची हकिगत कोण सांगणार? पेरी अजून बोलला नव्हता. मग पेरी तुरुंगात अन्न सोडतो. याला कळतं. हा लहान मुलांच्या खाण्याच्या बाटल्या घेऊन तुरुंगात जातो आणि त्या दाढी वाढलेल्या मुडद्यासारख्या माणसाला चमच्याने भरवतो. डोळ्यांत पाणी येईल असं दृश्य आहे, आणि ते येत असतानाच डोक्यात एक किडा वळवळतो: हा आईपणाने भरवतोय की दुभत्या गाईपुढं पेंड ठेवतोय? दिग्दर्शक उत्तर देत नाही. फिलिप सीमूर हॉफमनच्या चेहऱ्यावर दोन्ही आहे. २००६ साली त्याला या कामाबद्दल ऑस्कर मिळालं आणि ते या चमच्याबद्दलच मिळालं असं मी धरून चालतो. हॉफमन हा कपोटीहून चांगला अर्धा फूट उंच आणि अंगाने भक्कम माणूस. पण त्याने मान अशी आत घेतली आहे आणि हात असे हवेत ठेवले आहेत की तो बुटकाच दिसतो. नक्कल करणारे आवाजाशी थांबतात. हा आवाजातून आत गेला. २०१४ साली तो अकाली गेला.

पुढं पेरी बोलतो. त्या रात्री काय झालं ते सगळं सांगतो. आणि इथून सिनेमा खरा बोचायला लागतो. कारण आता त्या वकिलाची गरज नाही. पण वकील चांगला निघाला! अपिलामागून अपील. तारखेमागून तारीख. १९६१, ६२, ६३... पुस्तक तयार, शेवटचं प्रकरण तेवढं कोरं. लेखकाला शेवट सुचत नाही ही नेहमीची रड. इथं शेवट सुचलेला आहे, तो सरकारने करायचा राहिला आहे. स्थगिती मिळाली की पेरीचं पत्र येतं, दोस्ता, आनंदाची बातमी! आणि दोस्त अंथरुणात तोंड खुपसतो. कपोटीची त्या काळातली पत्रं पुढं प्रसिद्ध झाली, त्यांतही ही तगमग लपलेली नाही. कोर्टाच्या तारखांनी गांजलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण ती सगळी वादी तरी होती नाहीतर प्रतिवादी. हा कोण?

पेरी भाबडेपणाने विचारतो, पुस्तकाचं नाव काय ठेवलंस? हा म्हणतो, अजून ठरलं नाही, लिहूनही फार झालेलं नाही. आणि प्रेक्षकांना ठाऊक आहे की नाव केव्हाच ठरलं आहे, ‘इन कोल्ड ब्लड’. हे नाव त्याने ड्यूईला सांगितलं तेव्हा त्या सरळ पोलिसाने विचारलं होतं की थंड रक्त कोणाचं म्हणता, ज्यांनी खून केले त्यांचं, की त्यांच्याशी अजून गप्पा मारत बसलेल्या तुमचं? पोलिसांना टीका कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे दृश्य पाहावं. १९६६ साली केनेथ टायनन या इंग्रज समीक्षकाने ‘ऑब्झर्व्हर’मध्ये जवळजवळ हेच लिहिलं आणि कपोटी भयंकर चिडला. पोलिसाने मफलर बघता बघता जे विचारलं ते विचारायला समीक्षकाला अख्खं पुस्तक वाचावं लागलं.

१४ एप्रिल १९६५ रोजी दोघे फासावर गेले. त्याच शरद ऋतूत मजकूर ‘न्यूयॉर्कर’मध्ये चार भागांत आला, जानेवारी १९६६मध्ये पुस्तक, आणि नोव्हेंबरात कपोटीने न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाचशेहून जास्त पाहुण्यांना काळ्या-पांढऱ्या पोशाखात, मुखवटे लावून नाचायला बोलावलं. हे नाचाचं प्रकरण सिनेमात नाही आणि नाही ते बरं. फाशीनंतर तो हार्पर लीला फोनवर सांगतो की त्यांना वाचवण्यासाठी माझ्याच्याने काही होण्यासारखं नव्हतं. ती म्हणते, नसेल. पण तुला वाचवायचंही नव्हतं. एवढंच. तार्किक मांडणी नाही, भाषण नाही. बालमैत्रिणींचा हाच त्रास असतो, त्यांना प्रस्तावना लागत नाही.

एवढं सगळं आवडूनही माझी दोन गाऱ्हाणी आहेत. पहिलं असं की या सिनेमात क्लटर मंडळी फक्त मरण्यापुरती आहेत. कपोटीवर सगळे आरोप करून झाले, पण त्याने पुस्तकात त्या घराचा शेवटचा दिवस कितीतरी पानं मायेने लिहिला आहे. घरातलं प्रत्येक माणूस आधी जगतं, मग मरतं. सिनेमात चौघे शवपेट्यांत आहेत आणि आपला नायक झाकण उचलून बघतो आहे. लेखकाने मेलेल्यांचा वापर केला असं सांगणाऱ्या सिनेमाने तरी त्यांना एक संध्याकाळ द्यायला हवी होती. पेरीचे डोळे आपल्याला पाठ होतात. त्या सोळा वर्षांच्या पोरीचे नाहीत.

दुसरं गाऱ्हाणं शेवटच्या पाटीबद्दल. पडद्यावर अक्षरं येतात की या पुस्तकाने कपोटी अमेरिकेतला सर्वांत प्रसिद्ध लेखक झाला आणि त्याने पुढं दुसरं पुस्तक कधी पुरं केलं नाही. प्रेक्षक सुस्कारा सोडतो. शाप लागला हो! आता १९८० साली ‘म्यूझिक फॉर कमेलिअन्स’ हे त्याचं पुस्तक आलं, पुरं झालेलं, छापलेलं, बांधलेलं. गोष्टी आणि लेखांचा संग्रह होता, कादंबरी नव्हे, हे मान्य. पण मग लेखसंग्रह काढणाऱ्या आम्ही लोकांनी काय समजायचं? बरं, त्यात एक खुनाची ‘खरी’ हकिगतही आहे. मोठी कादंबरी अपुरी राहिली, दारू आणि औषधं वाढली, १९८४ साली साठी गाठायला महिना उरला असताना गेला, हे खरं. पण ‘पुढं अधूनमधून लिहीत होता’ अशी पाटी लावली तर सुस्कारा येत नाही. आणि गंमत अशी की हाच तर कपोटीचा गुन्हा! आपल्या पुस्तकाला तो ‘नॉनफिक्शन नॉव्हेल’ म्हणायचा, म्हणजे कादंबरीच, पण अक्षरन् अक्षर खरी. उपास निर्जळीच, पण चहा चालतो, त्यातला प्रकार. पुस्तकाच्या शेवटी ड्यूईला कबरस्थानात मेलेल्या मुलीची मैत्रीण भेटते, ती भेट कधी झालीच नव्हती. शेवट गोड व्हावा म्हणून त्याने ती रचली. सिनेमा ज्या जेराल्ड क्लार्कच्या चरित्रावर बेतला आहे त्या चरित्रातच हे लिहिलेलं आहे. बाकी सिनेमात कॅन्सस म्हणून जे सपाट, करडं, हाडं गोठवणारं माळरान दिसतं ते कॅनडातल्या मॅनिटोबाचं, आणि फाशीच्या वेळी कपोटीबरोबर ‘न्यूयॉर्कर’चा संपादक दाखवला आहे, प्रत्यक्षात तो त्याच्या प्रकाशन संस्थेतला माणूस होता. या गोष्टींबद्दल माझी तक्रार नाही. माळरानाला काय, कोणाचं नाव घेऊन उभं केलं तरी वारा तोच.

दुसऱ्याच वर्षी, २००६ साली, याच गोष्टीवर ‘इन्फेमस’ नावाचा दुसरा सिनेमा आला. टोबी जोन्स चेहऱ्याने आणि उंचीने हुबेहूब कपोटी. पेरीच्या कामाला डॅनियल क्रेग, जो त्याच वर्षी जेम्स बाँड झाला. हा सिनेमा जास्त हसवतो, जास्त बोलतो, न्यूयॉर्कच्या श्रीमंत बायका त्यात झकास आहेत. पण एका मांडवात दोन लग्नं लागली की दुसऱ्याच्या पंगतीला जिलबी संपलेली असते. बिचाऱ्याकडे कोणी फिरकलं नाही. १९६७चा ‘इन कोल्ड ब्लड’ मात्र जरूर बघा, तो कृष्णधवल आहे आणि त्यातले खून ज्या घरात झाले त्याच घरात चित्रित केलेले आहेत. मला ते घर बघताना पाय जवळ घेऊन बसावं लागलं.

आणि एक सिनेमा अजून कोणी काढलेला नाही. १९७७ साली अ‍ॅलाबामात एका धर्मोपदेशकाला भर अंत्यविधीत गोळी घालण्यात आली. त्याच्या घरची माणसं एकामागून एक मरत होती आणि विम्याचे पैसे त्याला मिळत होते, असा गावाचा संशय. गोळी घालणारा सुटला; त्याचा वकील तोच, जो आधी त्या धर्मोपदेशकाचा होता. कपोटीने असल्या मालासाठी न्यूयॉर्क गहाण टाकलं असतं. त्या खटल्याला एक पन्नाशीतल्या बाई येऊन बसत. त्या हार्पर ली. त्या गावात राहिल्या, लोकांना भेटल्या, कागद गोळा केले, नावही योजलं. वर्षं गेली. खात्रीच्या गोष्टी थोड्या आणि ऐकीव फार, अशी त्यांची अडचण होती म्हणतात. २०१६ साली त्या वारल्या. पुस्तक आलं नाही.

यावर कोणी सिनेमा काढला तर त्यात फाशी नसेल, मफलर नसेल, चमचाही नसेल. एक बाई टाइपरायटरपुढं बसल्या आहेत, कागद चढवलेला आहे, आणि त्या एक ओळ टाइप करून ती खरी आहे का ते विचारायला पुन्हा कोणाला तरी फोन लावताहेत. दोन तास. मी तिकीट काढीन. काकूंनाही नेईन.